काशीचा फळा आणि उजेडाचे जहाज

९ ऑगस्ट १९४२. पहाटेच मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांची धरपकड झाली आणि रेल्वेने त्यांना नगरला आणण्यात आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी ती मंडळी. आजचे अहिल्यानगर, जिल्ह्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या नुसते ‘नगर’. निजामशाहीतला भुईकोट किल्ला, भोवती रुंद खंदक आणि आत चौकाच्या कडेने खोल्या. नेहरूंची अडीच वर्षांहून अधिक काळ तिथेच गेली. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच चंद्र येतो. तुरुंगातल्या माणसाला तटापलीकडचे दुसरे काही दिसत नाही, चंद्र मात्र दिसतो. ज्या वैज्ञानिक दृष्टिकोनाचा आपण आज घटनेच्या आधाराने आग्रह धरतो, तो शब्दप्रयोगही याच पुस्तकातून देशभर पोचला.

त्याच काळात, किल्ल्यापासून हजारेक किलोमीटरवर, काशीत एक तरुण कागदावर एक समीकरण सोडवत होता. त्या समीकरणाचा विषयही आकाशातला उजेडच होता. पुढे जगातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या जोरावर धावणाऱ्या यानाचे गणित मांडले, ते याच कामाच्या पायावर. आणि ज्या गुरूच्या हाताखाली ते काम झाले, त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने वीस वर्षांनी अशा कल्पित यानाला लागणाऱ्या दुसऱ्या सामग्रीला हात घातला. ती सामग्री म्हणजे ऋण ऊर्जा. ही त्या बापलेकांची आणि त्या तरुणाची हकिकत आहे.

कोल्हापूर, केंब्रिज, काशी

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ चा, घराणे कोल्हापूरचे. केंब्रिजला जाऊन ते रँग्लर झाले. आइनस्टाइनचा सापेक्षतावाद इंग्रजी जगाला समजावून देणारे एडिंग्टन तेव्हा केंब्रिजलाच होते. नारळीकर तिथे आणखी काही वर्षे सहज राहू शकले असते; पण पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावले आणि १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते तिथे गणित विभागाची धुरा सांभाळू लागले. व्यापक सापेक्षतावाद शिकवणारी माणसे त्या वेळी देशात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. काशीत त्याची एक शाळाच उभी राहिली.

घरातही गणितच होते. मुलांना लिहायला म्हणून वडिलांनी घरात फळे लावून घेतले होते. पुढे मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा शिकायला काशीत आले आणि भाच्यासाठी, जयंतासाठी, फळ्यावर अवघड कोडी लिहून ठेवू लागले. जयंताने गणित सोडवावे किंवा हार मानावी. तोवर ते पुसायचे नाही. एखादे गणित दिवसचे दिवस तसेच फळ्यावर राही. जाता-येता नजर पडायची, डोके खाजवायचे, पुन्हा खेळायला पळायचे. हा फळा लक्षात असू द्यावा, कारण पुढच्या साऱ्या हकिकतीत तोच आहे.

तापलेल्या ताऱ्याचे वजन

१९४२ मध्ये या नारळीकर सरांकडे प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा सौराष्ट्रातला तरुण आला. वय चोवीस, अंगावर खादी, मनात गांधीविचार. हाताला नोकरी नव्हती. बरोबर पत्नी आणि तान्ही मुलगी. गाठीच्या शिलकीवर जितके दिवस निघतील तितके काढायचे आणि सरांच्या हाताखाली संशोधन करायचे, एवढाच बेत. देशात ‘चले जाव’चा वणवा पेटलेला, विद्यापीठही त्यात होरपळत होते. असे दहाएक महिने त्याने काढले.

त्याने हाती घेतलेला प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांनी ताऱ्याच्या बाहेरच्या गुरुत्वाचे अचूक गणित आइनस्टाइनच्या समीकरणांतून काढले होते. त्या गणितातला तारा मात्र विझलेला आहे. तो उजेड देत नाही, त्यामुळे त्याचे वस्तुमान कायम राहते आणि भोवतीचा अवकाश रिकामा असतो. खरा सूर्य असा कुठे आहे? तो धगधगतो. उजेड म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जेलाही वस्तुमान असते. सूर्य दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान उजेडाच्या रूपाने उधळतो. म्हणजे त्याचे वजन सतत घटते आणि त्याच्या भोवतालचा अवकाश रिकामा नसून बाहेर धावणाऱ्या प्रकाशाने भरलेला असतो. त्या धावत्या प्रकाशाचेही स्वतःचे गुरुत्व असते. मग अशा जित्या ताऱ्याचे गणित कसे मांडायचे?

वैद्यांनी ते मांडले. १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. श्वार्झशिल्डच्या सूत्रात जिथे कायमचा आकडा होता, तिथे आता बदलते वस्तुमान आले. दूरच्या निरीक्षकाला ताऱ्याचे कोणते वस्तुमान जाणवणार? त्याच्यापाशी या क्षणी पोचलेला प्रकाश ताऱ्यावरून निघाला, त्या घडीचे. ताऱ्याच्या वजनाची बातमीही प्रकाशाच्याच वेगाने येते. १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हेच उत्तर आणखी सुटसुटीत करून सांगितले. आज ते जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून शिकवले जाते. वैद्य पुढे गुजरातेत गणिताचे मोठे शिक्षक झाले, गुजरात विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आणि नगरच्या किल्ल्यातून सुटलेले आचार्य नरेंद्र देव १९५१ मध्ये नारळीकर सर शिकवत होते त्याच काशीच्या विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आले.

एकरभर उन्हाचा धक्का

उजेड ढकलतो, हे मॅक्सवेलने १८७३ मध्ये समीकरणांतून सांगितले आणि रशियाच्या लेबेदेवने १९०० च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. धक्का फार सूक्ष्म असतो. नगरच्या शिवारात उन्हाळ्याच्या भर दुपारी पाय भाजतात, पण त्या उन्हाचा दाब कुणाला जाणवत नाही. हिशेब करून पाहू. पृथ्वीच्या अंतरावर, अवकाशात, एक एकर क्षेत्राचे आरशासारखे लखलखीत शीड सूर्यासमोर धरले, तर त्यावर सूर्यप्रकाशाचा जो दाब पडेल तो जेमतेम पावणेचार ग्रॅम वजनाएवढा. एकरभर उन्हाचे बळ अर्ध्याएक चमचा मिठाइतके.

तरी ते बळ खरे आहे, आणि अवकाशात घर्षण नसल्याने ते साठत जाते. जपानच्या ‘इकारोस’ यानाने २०१० मध्ये चौदा मीटर बाजूचे शीड उघडून निव्वळ सूर्यप्रकाशाने आपला वेग बदलून दाखवला. आपल्या देशाला हा दाब त्याच्या कितीतरी आधी कळला होता, तोही नुकसानीतून. १० एप्रिल १९८२ रोजी सोडलेल्या इन्सॅट-१ए उपग्रहाच्या एकाच बाजूला सौरपट्टे होते. त्यांच्यावरच्या उजेडाच्या दाबाने उपग्रह कलू नये म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर एक शीड बसवले होते. ते उघडलेच नाही. उपग्रह सावरण्याचे इंधन संपले आणि सप्टेंबर १९८२ मध्ये तो सोडून द्यावा लागला. काशीच्या कागदावर ज्याचे वजन मांडले गेले, त्या उजेडाने चाळीस वर्षांनी देशाला असा धडा दिला.

यानानेच उजेड फेकला तर?

सूर्याच्या भरवशावर न राहता यानानेच मागे उजेडाचा झोत सोडायचा आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जायचे, ही फोटॉन रॉकेटची कल्पना. जर्मन-ऑस्ट्रियन अभियंता ऑयगेन झेंगर यांनी १९५३ मध्ये ती पद्धतशीर मांडली. कोणत्याही रॉकेटमधून मागे जाणारा झोत जितका वेगवान, तितके इंधन कमी लागते. आणि प्रकाशाहून वेगवान झोत असूच शकत नाही. स्वतःच्या निम्म्या वस्तुमानाचा पूर्ण उजेड करून टाकणारे यान प्रकाशाच्या साठ टक्के वेगाला पोचेल.

अडचण शक्तीची आहे. एक न्यूटन एवढा धक्का मिळवायला ३० कोटी वॅटचा झोत लागतो. एक किलोचे लोखंडी माप पृथ्वीवर नुसते उजेडाने अधांतरी तोलून धरायचे म्हटले, तर जवळपास २,९४० मेगावॅट हवेत. आपल्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे एका किलोसाठी दीड कोयना!

अभियंते इथे थांबले, पण गणिती पुढे गेले. वैद्यांच्या ताऱ्याचा उजेड चारी दिशांना सारखा जातो, म्हणून तो जागच्या जागी राहतो. समजा, तो एकाच अंगाने जास्त उजेड टाकू लागला, तर? मग तो उलट्या दिशेला ढकलला जाईल. तारा न राहता ते यान होईल. १९६९ मध्ये अमेरिकेच्या विल्यम किनर्स्ली यांनी वैद्यांचे उत्तर नेमके असे विस्तारले: वेग बदलत जाणाऱ्या, उजेड फेकणाऱ्या बिंदूचे अचूक गुरुत्व. हेच व्यापक सापेक्षतावादातले फोटॉन रॉकेट. १९९४ मध्ये इंग्लंडचे विल्यम बॉनर यांनी त्याच नावाने लेख लिहिला आणि एक कोडे पुढे ठेवले: एवढे वेगाने धावणारे वस्तुमान, तरी त्यातून गुरुत्वलहरी का निघत नाहीत? पुढच्याच वर्षी तिबो दामूर यांनी उलगडा केला. यानाच्या गतीतून उठणाऱ्या लहरी आणि मागे सुटलेल्या प्रकाशझोताच्या गुरुत्वातून उठणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. १९४३ मध्ये वैद्यांनी प्रकाशालाही गुरुत्व असते हे धरून हिशेब केला होता. ते धरले नसते तर हे कोडे सुटले नसते.

पाठशिवणी खेळणारी वस्तुमाने

आता दुसरी सामग्री, ऋण ऊर्जा; ऋण वस्तुमान हे तिचेच रूप. १९५७ मध्ये हर्मन बाँडी यांनी एक निबंध लिहून विचारले, वस्तुमान शून्यापेक्षा कमी असेल तर आइनस्टाइनची समीकरणे मोडतात का? उत्तर आले, मोडत नाहीत. धन वस्तुमान सगळ्यांना स्वतःकडे ओढते, ऋण वस्तुमान सगळ्यांना दूर लोटते. दोघे समान आकाराचे घेऊन शेजारी ठेवले, तर धन पुढे पळते आणि ऋण त्याच्या मागे धावते. पाठशिवणीचा खेळच तो, पण यात कोणीच दमत नाही. वेग वाढत राहतो आणि तरीही ऊर्जा कुठून चोरावी लागत नाही, कारण एकाच्या खात्यात जेवढी जमा तेवढीच दुसऱ्याच्या खात्यात उणे. वही शेवटी शून्यावरच मिटते. १९९० मध्ये रॉबर्ट फॉरवर्ड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने यानाला ढकलायला असेच द्रव्य वापरण्याचा आराखडा मांडला.

याचा उजेडाशी संबंध कसा, तोही बघू. एक हजार किलोच्या यानाला एकरभर शीड लावले, तर सूर्यप्रकाशाच्या चिमुकल्या धक्क्याने त्याचा वेग दिवसाला सेकंदामागे तीनेक मीटर एवढाच वाढेल. त्याच यानाला उणे ९९९ किलोचे ऋण द्रव्य जखडले, तर एकूण वस्तुमान उरते एक किलो. धक्का तोच, पण वेगातली वाढ हजारपट: दिवसाला सेकंदामागे तीन किलोमीटरहून जास्त. आणि एकूण वस्तुमान समजा शून्याच्याही खाली गेले, तर बळ एकीकडे आणि गती उलटीकडे. उजेड पुढून पडला तर ते यान उजेडाच्याच दिशेने ओढले जाईल. प्रकाशाच्या बळावरचे जहाज आणि अनोखे द्रव्य या दोन गोष्टी इथे एकत्र येतात.

केंब्रिज, पुन्हा एकदा

बाँडींचा निबंध आला त्याच १९५७ साली एकोणीस वर्षांचे जयंत नारळीकर काशीहून पदवी घेऊन केंब्रिजला गेले. ज्या बाँडींनी ऋण वस्तुमानाचा प्रश्न विचारला, त्यांनीच १९४८ मध्ये थॉमस गोल्ड यांच्यासह विश्वाचा स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला होता. त्याच वर्षी तो स्वतंत्रपणे मांडणारे तिसरे शास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. जयंतराव हॉइल यांचेच विद्यार्थी झाले.

स्थिर-स्थिती सिद्धांतात विश्व फैलावत राहते, आणि पडणारी पोकळी भरून काढायला नवे द्रव्य सतत जन्मत असते. टीकाकारांचा सवाल रोखठोक होता: हे द्रव्य येते कुठून? ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम काय धाब्यावर बसवायचा? १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात हॉइल-नारळीकर जोडीने त्याला उत्तर दिले. विश्वात एक ‘निर्मिती-क्षेत्र’ आहे आणि त्याची ऊर्जा ऋण आहे. द्रव्याचा एक कण जन्मला की तेवढीच ऋण ऊर्जा त्या क्षेत्रात पडते. वही पुन्हा शून्यावर. ऋण ऊर्जेचे गुरुत्व लोटणारे असते, म्हणून तेच क्षेत्र विश्वाला फैलावतेही. बाँडींच्या पाठशिवणीत दोन बिंदूंपुरते जे होते, ते इथे अख्ख्या विश्वाच्या आकाराचे झाले. जे द्रव्य इतरांच्या लेखी निव्वळ बौद्धिक कसरत होते, त्याला काशीच्या मुलाने विश्वरचनेत कामाला लावले.

१९६५ मध्ये अवकाशातून चहूबाजूंनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेकांनी महास्फोटाच्या सिद्धांताची बाजू घेतली. नारळीकरांनी प्रश्न सोडला नाही. १९७२ मध्ये ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था उभारली. १९९३ मध्ये हॉइल आणि जॉफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी ऋण ऊर्जेच्या त्याच क्षेत्रावर उभा असलेला सुधारित सिद्धांत मांडला. बहुमत त्यांच्या बाजूने आले नाही. त्याची त्यांना फिकीर नव्हती. पुरावा मात्र त्यांना हवा होता, दोन्ही बाजूंचा.

हे सगळे त्यांनी मराठी वाचकापर्यंतही आणले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले की नावाची आद्याक्षरे उलटी वाचायची आहेत: ज. वि. ना. आपल्या नावाच्या वजनावर नव्हे, कथेच्या गुणावर निवाडा व्हावा, यासाठी एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने केलेली ही खटपट होती.

पुसायचे नाही

आज हिशेब कुठे आला आहे? ऋण वस्तुमान कुणाला सापडलेले नाही. प्रतिद्रव्य वर पडेल, अशी एक आशा काहींना होती. २०२३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रति-हायड्रोजनाचे अणू सोडून पाहिले, ते मुकाट्याने खालीच पडले. ऋण ऊर्जेची चाहूल मात्र खरी आहे. धातूच्या दोन चकत्या अगदी लगटून ठेवल्या की त्यांच्यामधल्या पोकळीत ऊर्जा शून्याखाली जाते, हे हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ मध्ये दाखवले आणि पुढे प्रयोगांनी त्याचा पडताळा दिला. हॉकिंग यांच्या सिद्धांतानुसार कृष्णविवर हळूहळू विरते, तेव्हा त्याच्या आत ऋण ऊर्जेचा प्रवाह जातो. १९८१ मध्ये विल्यम हिस्कॉक यांनी त्याचे गणिती चित्र काढायला कोणते सूत्र घेतले? वैद्यांचेच. बाहेर निघणाऱ्या उजेडाऐवजी आत शिरणारा, आणि धन ऊर्जेऐवजी ऋण. काशीच्या सूत्रात अखेर दोन्ही सामग्री एकत्र आल्या, यानासाठी नव्हे, कृष्णविवरासाठी.

मला या इतिहासात मोठी वाटते ती त्यातली चिकाटी. १९४२ मध्ये ताऱ्याच्या उजेडाचे वजन मांडून कुणाचे पोट भरणार नव्हते, आणि वैद्यांना तर ते सगळ्यांत जास्त माहीत होते. तरीही त्यांनी शिलकीचे पैसे त्यात घातले. उजेडाचे जहाज बांधायचे म्हणून कुणी ते गणित सुरू केले नव्हते. सूर्य पेटलेला आहे, मग गणितात तो विझलेला का, एवढाच प्रश्न होता. प्रश्न खरा होता म्हणून उत्तर सव्वीस वर्षांनी यानाला आणि अडतीस वर्षांनी कृष्णविवराला कामी आले. नगरच्या किल्ल्यात बसून नेहरू ज्या वृत्तीबद्दल लिहीत होते, ती त्याच सुमारास काशीच्या एका बिऱ्हाडात रोज पहाटे उठून कामाला लागत होती.

जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. २०१४ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २० मे २०२५ रोजी ते गेले. जाताना विश्वाचे गणित सुटले होते असे नाही. ऋण द्रव्य आहे की नाही, हा प्रश्न बाँडींनी लिहिला तसाच आहे. त्याचे उत्तर जमवणारा विद्यार्थी पुण्यात असेल, काशीत असेल, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या एखाद्या वर्गातही असेल. त्याला मोरूमामांचा नियम तेवढा सांगून ठेवावा. सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही.